चांगलं लिहिलं की वाचक येतो, म्हणे!

लेखनाची कार्यशाळा असो, परिसंवाद असो, नाहीतर एखाद्या नामवंताची जाहीर मुलाखत. नवा लिहिणारा भीत भीत उठतो आणि विचारतो, वाचक कसा मिळवायचा? व्यासपीठावरून ठरलेलं उत्तर येतं. चांगलं लिहा. रोज ठरावीक वेळ एकाग्रपणे द्या. वाचक आपोआप येईल. सभागृह माना डोलावतं, आभारप्रदर्शन होतं आणि मंडळी चहाकडे वळतात.

या उत्तरातल्या पहिल्या दोन वाक्यांशी माझं भांडण नाही. तिसऱ्याशी आहे. वाचक 'आपोआप' आल्याचं एकही उदाहरण मराठी नियतकालिकांच्या जवळजवळ दोनशे वर्षांत मला सापडत नाही. ज्यांच्या नावानं आपण चांगल्या लेखनाच्या शपथा घेतो, त्यांच्याकडेही तो आपोआप आलेला नाही. कोणी छापखाना काढला, कोणी गावोगाव जाऊन लिहिलेलं वाचून दाखवलं, कोणाला एका राजाचा पैसा मिळाला, कोणामागे नांगरांचा कारखाना उभा होता. ही सगळी खटपट वगळायची, फक्त लेखणी आणि एकांत मागे ठेवायचा आणि तेवढ्याचं सूत्र करून तरुणांच्या हाती द्यायचं, याला अर्धसत्य म्हणणंही सौम्य होईल.

शिवाय हे सूत्र निरुपद्रवी नाही. चांगलं लिहिलं की वाचक येतो हे एकदा मान्य केलं, की ज्याच्याकडे वाचक आला नाही त्याचं लेखन वाईट, हेही मुकाट्यानं मान्य करावं लागतं. दोन-तीन वर्षं मन लावून लिहिणारी, तालुक्याच्या गावातली एखादी शिक्षिका शेवटी याच निष्कर्षाला येते आणि लिहिणं थांबवते. तिला थांबवणाऱ्यांत त्या व्यासपीठावरच्या नामवंताचाही वाटा असतो. त्याला तो कधी कळत नाही, एवढंच.

सुरुवातीपासून बघू. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढलं. जांभेकरांच्या विद्वत्तेविषयी, भाषाप्रभुत्वाविषयी, कामाच्या झपाट्याविषयी आजवर कोणी शंका घेतलेली नाही. त्यांनी पत्राला वेळही दिला. तरी 'दर्पण'चे वर्गणीदार तीनशेच्या आसपास राहिले आणि साडेआठ वर्षांनी, १८४० मध्ये, पत्र बंद पडलं. पुढे १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि ती सुशिक्षित मराठी घरांतून चवीनं वाचली गेली, तिच्यावर वाद झडले. मग जांभेकर चिपळूणकरांपेक्षा कमी प्रतीचं लिहीत होते असं म्हणायचं का? कोणी म्हणणार नाही. या दोघांच्या मध्ये बेचाळीस वर्षं होती आणि त्या वर्षांत देश बदलला होता. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे आगगाडी धावली. १८५४ मध्ये अर्ध्या आण्यात देशभर पत्र जाऊ लागलं. त्याआधी टपालाचा दर अंतरावर ठरायचा आणि मुंबईहून लांब राहणाऱ्याला कागद मागवणं महाग पडायचं. सरकारी शाळांतून मराठी वाचणारी एक पिढी तयार झाली होती. चिपळूणकरांच्या धारदार गद्याला रस्ता मिळाला तो टपाल खात्याकडून, रेल्वेकडून आणि त्यांनाच नकोशा वाटणाऱ्या इंग्रजी राज्याच्या शिक्षणखात्याकडून.

आणि खुद्द चिपळूणकरांनी काय केलं ते पाहा. सात वर्षांत 'निबंधमाले'चे ८४ अंक त्यांनी जवळपास एकहाती लिहिले. एकाग्र वेळेचा याहून मोठा दाखला मराठीत शोधावा लागेल. पण या माणसाला एकाग्रतेनं लिहिण्यापुरतं समाधान नव्हतं. त्यानं १८७९ मध्ये सरकारी नोकरी सोडली. चित्रशाळा काढली, आर्यभूषण छापखाना उभा केला, किताबखाना नावाचं पुस्तकांचं दुकान थाटलं. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि लगेच पुढच्या जानेवारीत टिळक-आगरकरांच्या साथीनं 'केसरी' आणि 'मराठा'. म्हणजे छपाई त्यांची, विक्री त्यांची, आणि उद्याचा वाचक जिथे घडणार ती शाळाही त्यांची. मार्च १८८२ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचं वय होतं अवघं ३१. या माणसाचं चरित्र सांगताना आपण शैलीवर तासभर बोलतो आणि दुकानाचा उल्लेख एका ओळीत उरकतो. मराठी माणसाला दुकानाची लाज वाटते, हे जुनंच दुखणं.

आता 'केसरी' आणि 'सुधारक'. गोपाळ गणेश आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. मतभेद झाल्यावर ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढलं. गद्याच्या गुणवत्तेवर निवाडा करायचा ठरवला तर आगरकरांना टिळकांच्या खाली बसवणारा परीक्षक शोधूनही सापडणार नाही. वेळेचं म्हणाल तर दम्यानं जर्जर झालेल्या या माणसानं शेवटपर्यंत लिहिलं आणि १८९५ मध्ये देह ठेवला. तरीही वाचकांच्या संख्येत 'सुधारक'ला 'केसरी'ची बरोबरी कधी करता आली नाही. कारण उघड आहे. आगरकर वाचकाला सांगत होते की तुझ्या घरात अन्याय चालला आहे आणि तो तूच करतो आहेस. टिळक सांगत होते की तुझ्यावर अन्याय होतो आहे आणि तो परका करतो आहे. दोन्ही खरं होतं. पण वर्गणी भरून दर आठवड्याला स्वतःची झाडाझडती ऐकायला किती जण तयार होतील? पुण्यात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. वाचक लेखनाचा दर्जा मोजून अंकाकडे वळत असता, तर त्या प्रेतयात्रेत सामील झालेल्यांनी 'सुधारक'ची वर्गणी भरली असती.

इथे कोणी म्हणेल की आज आगरकरांना वाचक आहेत, 'काळ हाच खरा न्यायाधीश'. असतील. पण छापखान्याचं बिल काळ भरत नाही. ते त्याच महिन्यात द्यावं लागतं.

मला या सगळ्यात सर्वात बोलकं उदाहरण वाटतं ते जोतीराव फुल्यांचं, आणि तेच परिसंवादांतून हमखास गाळलं जातं. 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ १८८३ चा. ज्या माणसाविषयी तो लिहिला, त्याला तो वाचता येत नव्हता. ही अडचण थोडी विचार करण्याजोगी आहे. १९०१ च्या जनगणनेत देशातले साक्षर शंभरात जेमतेम पाच भरले. त्याच्याही अठरा वर्षं आधीच्या कुणबी घराची कल्पना करा. चांगलं लिहून आणि एकाग्रतेनं लिहून तिथे कोणता वाचक आपोआप येणार होता? बरं, बहुजन समाजाचं म्हणून जे पत्र होतं ते 'दीनबंधु'. त्यानंही सुरुवातीची दोन प्रकरणं छापली आणि पुढचं छापायचं थांबवलं. आपल्याच माणसांच्या पत्रानं हात आखडता घेतला, याची नोंद फुल्यांनी कडवटपणे करून ठेवली आहे.

मग त्यांनी काय केलं? ग्रंथ लिहीत असतानाच तो लोकांना वाचून दाखवायला सुरुवात केली. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी. ही नावं त्यांनी स्वतः प्रस्तावनेत दिली आहेत. बडोद्याच्या सयाजीरावांनाही त्यांनी तो ऐकवला. जुन्नर आणि ओतूर तर ऐन शेतकऱ्यांच्या मुलखातली. लेखक स्वतः पायपीट करून, आपल्या तोंडानं, ज्याच्याविषयी लिहिलं त्याच्यासमोर बसून ते वाचतो, त्याचा चेहरा बघतो, त्याची हरकत ऐकतो. 'असूडा'ची भाषा जी बोलती, चढ्या आवाजातली, मध्येच थांबून शिव्या देणारी आहे, ती एकांतातल्या टेबलाशी घडलेली नसावी असं मला नेहमी वाटतं. तिला समोरच्या माणसांची सवय आहे. इथे पोचवण्याचं काम लेखनाच्या नंतरचं राहिलेलं नाही, ते लेखनाच्या आत शिरलं आहे. आणि तरीही आपल्याकडे समज असा की खरा लेखक दार लावून लिहितो, पोचवण्याचं काम व्यवस्थापक बघतो.

पोचण्याचं दार कोणाच्या हातात असतं हाही प्रश्न आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केलं. त्या वेळी ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं. भांडवलाला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. नवं पाक्षिक निघत असल्याची जाहिरात 'केसरी'कडे दिली, पैसे देऊन छापा म्हटलं, तरी 'केसरी'नं ती छापली नाही. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या, लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परतलेल्या माणसाचं लेखन होतं ते. दर्जा कमी पडला? वेळ कमी पडला? दार बंद होतं, एवढंच घडलं होतं. त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब पुढच्या शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ पर्यंत 'मूकनायक' बंद पडलं. महाडच्या सत्याग्रहानंतर दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ ला, 'बहिष्कृत भारत' निघालं. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः भरत. वकिली, चळवळ, संस्था सांभाळून, रात्री. १९२९ अखेर तेही थांबलं.

'रोज ठरावीक वेळ एकाग्रतेनं द्या' या सल्ल्यावर मला 'बहिष्कृत भारत'चे ते रकाने आठवतात. एकाग्र वेळ ही सर्वांना सारखी वाटलेली वस्तू आहे असं समजून हा सल्ला दिला जातो. ज्याची खोली वेगळी, पगार नियमित, स्वयंपाक दुसऱ्याच्या हातचा, त्याला सकाळचे दोन तास सहज निघतात. ते तसे निघतात याचं श्रेय तो स्वतःच्या शिस्तीला देतो, हे विशेष. मराठीत बाईच्या लेखनाचा इतिहास हा बहुतांशी दुपारच्या तासाभराचा, जेवणं उरकल्यानंतरचा आणि पुन्हा चूल पेटण्याआधीचा इतिहास आहे. तिला शिस्त शिकवायला जाऊ नये. शिकवायचीच असेल तर घरातल्या इतरांना भांडी घासायला शिकवावं.

वाचक वाढवण्यातल्या मराठी यशाच्या कथा मात्र भरपूर आहेत, आणि त्या सगळ्या काहीतरी निराळंच सांगतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये 'मनोरंजन' काढलं. आडनाव मूळचं आजगावकर. बंगालीच्या प्रेमापोटी मित्र झालेले. १९०९ मध्ये त्यांनी दिवाळीचा खास अंक काढला, आणि आज राज्यभर शेकड्यांनी निघणाऱ्या दिवाळी अंकांची प्रथा तिथून धरली जाते. या कल्पनेत नवं काय होतं? चांगले लेखक त्याआधीही होते, चांगले मासिक अंकही होते. मित्रांनी हेरली ती तारीख. ज्या आठवड्यात मराठी माणूस कपडे घेतो, फराळ करतो, पाहुण्यांना बोलावतो आणि हात थोडा सैल सोडतो, त्या आठवड्यात त्याच्या हाती सजवलेला जाड अंक द्यायचा. विलायतेतल्या नाताळ अंकांचा नमुना समोर होता. एकदा तो अंक फराळाच्या ताटाशेजारी जाऊन बसला आणि शंभर वर्षं तिथून हलला नाही. मराठी वाचकवर्ग वाढवणारी याहून मोठी कल्पना नंतर कोणाला सुचलेली नाही, आणि ती मुळात विक्रीची कल्पना होती. साहित्याचा इतिहास लिहिणारे हे जरा चाचरत सांगतात.

दुसरी कथा किर्लोस्करवाडीची. शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, हे चित्रकलेचा ओढा असलेले आणि कारखान्याच्या जाहिरातींचं काम बघणारे गृहस्थ. १९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याची, नांगरांची, गिऱ्हाइकांची खबरबात देणारं पत्र. त्यातून 'किर्लोस्कर' मासिक उभं राहिलं, मग १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मध्ये आले आणि जुन्या वळणाच्या घरांतून खळबळ उडाली. हे लेखन चांगलं होतं, धाडसाचं होतं, यात वाद नाही. पण ते औंध संस्थानातल्या एका माळरानावरून निघून खेडोपाडी पोचलं कसं? ज्या गावात किर्लोस्करांचा लोखंडी नांगर गेला होता, त्या गावाला किर्लोस्कर हे नाव आधीच ठाऊक होतं. जाहिरात कशी करावी, गिऱ्हाइकाशी पत्रव्यवहार कसा ठेवावा, माल वेळेवर कसा रवाना करावा, हे कारखान्यानं शिकवलं होतं. शंवाकिंनी ते मासिकाला लावलं. लेखकांच्या कार्यशाळेत कधीतरी नांगर कसा विकला गेला यावर एक व्याख्यान ठेवून पाहावं.

आता समोरच्या बाजूचा सर्वात वजनदार आक्षेप. तुम्ही पोचवण्याचं इतकं माहात्म्य सांगताय, म्हणजे दर्जा गौण? मग सवंगच का लिहू नये?

नाही, गौण नाही. वाचक एकदा येऊन पोचला की तो राहतो का, हे दर्जाच ठरवतो. श्री. ग. माजगावकरांचं 'माणूस' १९६१ मध्ये निघालं. अनिल अवचट बिहारच्या दुष्काळी भागात गेले, पाहिलं, राहिले आणि त्यातून 'पूर्णिया' आलं. अरुण साधूंनी चीनच्या क्रांतीवर 'आणि ड्रॅगन जागा झाला' लिहिलं. असं लेखन फुरसतीच्या तासात होत नाही, त्याला महिने द्यावे लागतात, आणि ते देणाऱ्या लेखकाच्या पाठीशी उभं राहणारा संपादक लागतो. वाचक पुढच्या अंकाची वाट बघायला लागतो तो अशा मजकुरासाठी. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिकात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः छापली, तेव्हाही यमूचं पुढे काय झालं यासाठी घराघरांतून अंकाची वाट पाहिली गेली. टिकवण्याचं काम लेखनाचं आहे, हे मला पूर्ण मान्य. आणण्याचं काम मात्र लेखन करत नाही. पहिल्यांदा कोणीतरी अंक हातात द्यावा लागतो.

सवंगाविषयी एक बाजूची गोष्ट. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्या वाचनालयांच्या रांगांतून झिजून फाटल्या. त्यांचा वाचक गल्लीतल्या वाचनालयानं पोसला, जिथे महिन्याच्या किरकोळ वर्गणीत रोज पुस्तक बदलून मिळायचं. उच्चभ्रूंनी नाकं मुरडली. पण त्या वाचनालयांतून वाचायची सवय लागलेली किती माणसं पुढे चांगल्या साहित्याकडे सरकली, याचा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही.

आणि दर्जा एकटा पुरत नाही याचा पुरावा हवा असेल, तर तो बंद पडलेल्या अंकांत आहे. 'सत्यकथा'. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक, एकेका कथेवर लेखकाशी महिनोन्महिने पत्रव्यवहार, मराठी नवकथेचं घर. १९६९ मध्ये लघुनियतकालिकवाल्यांनी तिची होळी केली, तीही ती महत्त्वाची होती म्हणूनच. कोणी कवडीमोलाच्या अंकाची होळी करत नाही. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद झाली. भानू काळे यांनी १९९५ पासून पंचवीस वर्षं 'अंतर्नाद' चालवलं, निष्ठेनं, नेटकं; २०२० मध्ये तेही थांबलं. या संपादकांना आता कोणी सांगावं की तुम्ही पुरेसं चांगलं छापलं नाहीत, पुरेसा वेळ दिला नाहीत? सूत्र खरं असेल तर हे सांगण्याची हिंमतही हवी.

दुसरा आक्षेप तरुणांचा. हे सगळं टपालाच्या काळातलं झालं, आता फोनवर लिहिलं की क्षणात जगभर, छपाई नाही, वर्गणी नाही, दारावर कोणी उभा नाही. दारावर कोणी नाही? कोणाचा मजकूर किती जणांना दाखवायचा हे ठरवणाऱ्या परदेशी कंपन्या आहेत, त्यांचे नियम त्या रात्रीतून बदलतात आणि कारण देत नाहीत. 'केसरी'नं निदान नाही म्हटलं होतं. इथे कोणी नाहीही म्हणत नाही, मजकूर नुसता कोणाला दिसत नाही. आणि दिसला तर? उत्तम लेख व्हॉट्सॲपवर गावभर फिरतो, पण त्याच्या खालचं लेखकाचं नाव पहिल्या दोन-तीन उड्यांतच गळून पडतं. कधी त्याच्या जागी भलत्याच प्रसिद्ध माणसाचं नाव येऊन बसतं. हजारोंनी तो वाचला, आवडला, पुढे पाठवला. लेखकाला त्यातून एकही वाचक मिळाला नाही, कारण पुढचा लेख कुठे वाचायचा हे त्यांतल्या एकालाही माहीत नाही. चांगलं लिहिलं, वाचलं गेलं, वाचक आला नाही. सूत्र इथे चारी मुंड्या चीत होतं.

मग करायचं काय, असं विचाराल. करणारे करतात, ते मान खाली घालून करतात आणि त्याविषयी परिसंवाद होत नाहीत. १९७० च्या दशकाच्या मध्यात 'ग्रंथाली' उभी राहिली, तिनं स्वतःला प्रकाशनसंस्था म्हणण्याआधी वाचक चळवळ म्हटलं. आधी सभासद जमवायचे, त्यांना सवलतीत पुस्तक द्यायचं, पुस्तकं घेऊन गावोगाव जायचं. १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आणि १९८० मध्ये लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' याच वाटेनं आलं. ही पुस्तकं थोर आहेतच. पण त्या काळच्या नेहमीच्या ग्रंथव्यवहारात दलित आणि भटक्या समाजातल्या अनोळखी लेखकाचं पहिलं आत्मकथन मध्यमवर्गीय घरात कितीसं शिरलं असतं? वाचक आधी बांधून ठेवलेला होता, म्हणून पुस्तक निघताच पोचलं. 'साधना'चा बालकुमार दिवाळी अंक शाळाशाळांतून आगाऊ मागणी नोंदवून लाखाच्या वर गेला, तो याच रीतीनं. विद्या बाळ 'स्त्री'तून बाहेर पडून १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' काढत्या झाल्या, तेव्हा त्यांच्यामागे 'नारी समता मंच'चं काम आणि त्यातून जोडलेल्या बायका होत्या.

ज्यानं कधी छोटं मासिक चालवलं आहे त्याला विचारा, त्याचा वेळ कुठे जातो. लिहिण्यात, संपादनात जातो त्याहून जास्त पत्त्यांच्या पट्ट्यांत जातो. घर बदललेल्या वर्गणीदाराचा अंक परत येतो, तो पुन्हा रवाना करायचा. वर्गणी संपल्याची चिठ्ठी घालायची, तरी निम्मे विसरतात, मग फोन करायचा, फोनवर 'अंक छान असतो हो' हे ऐकायचं आणि पैशांचा विषय अवघडत काढायचा. विक्रेता कमिशन कापून घेतो आणि न खपलेले अंक मळवून परत पाठवतो. आणि आजीव वर्गणी! पाच-दहा हजार एकरकमी येतात तेव्हा बरं वाटतं, कागदाच्या थकलेल्या बिलात ते विरघळतात, आणि मग पुढची तीस वर्षं त्या वर्गणीदाराला फुकट अंक पाठवत राहायचं. कित्येक चांगली मासिकं वाईट मजकुरानं मेली नाहीत, आजीव वर्गणीदारांच्या दीर्घायुष्यानं मेली. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात प्रतिभा लागत नाही, त्याला पुरस्कार नाहीत. पण एकाग्र वेळ कशाला द्यायचा याच्या यादीत ते लेखनाच्या बरोबरीनं धरलं पाहिजे. तीन तास मिळत असतील तर दोन लिहिण्याला आणि एक पट्ट्यांना. जो म्हणेल की हे लेखकाचं काम नव्हे, त्याला फुल्यांची ओतूरची वाट दाखवावी.

तेव्हा पुढच्या वेळी कार्यशाळेची पत्रिका हातात आली, तर आयोजकांना फोन करून शेवटच्या सत्राचा विषय विचारा. तिथे पुन्हा 'दर्जेदार लेखन आणि सातत्य' असेल तर सांगा की ते आम्हाला पटलेलं आहे, आता एक तास वाचक कुठून आणायचा यावर ठेवा, आणि वक्त्याला त्याच्या वर्गणीदारांची वही सोबत आणायला सांगा. पहिले शंभर पत्ते त्यानं कसे जमवले, त्यांतले किती दुसऱ्या वर्षी टिकले, किती गळाले आणि का गळाले, हे त्या वहीवरून समजावून द्यायला लावा. वही नसेल, तर फी परत मागा.